मस्कतचा दाखला घेऊन सिंगापूरला

सिंगापूरहून परत येऊन तीन आठवडे झाले. आमच्या कॉलनीत भेटेल ती बाई एकच विचारते, काय काय पाहिलंत? सिंहाच्या तोंडातून पाणी पडतं ते पाहिलंत का? केबल कारमध्ये बसलात का? मी नाही म्हटलं की त्यांना वाटतं, ही मिजास करते आहे. खरं सांगायचं तर अकरा दिवसांत मी एक बाजार, एक समुद्रकिनारा, एका वकिलाचं ऑफिस आणि एक बाग एवढंच पाहिलं. तरी लिहायला बसले आहे, कारण तोंडी सांगायला गेले की मधेच कुणीतरी चहा आणतं आणि मुद्दा राहून जातो.

मी गेले होते एक कागद पोचवायला.

माझा मुलगा निखिल, सून मृणाल आणि नात सई, बारा वर्षं झाली सिंगापूरला आहेत. निखिल एका बँकेत होता. होता म्हणायचं, कारण यंदा उन्हाळ्यानंतर बँकेने त्याचा अख्खा विभागच बंद केला. तिथला कायदा साधा आहे. नोकरी गेली की राहण्याचा परवाना, म्हणजे पास, गेला, आणि पास गेला की महिनाभरात देश सोडायचा. कायम राहायची परवानगी, तिला तिथे सगळे पीआर म्हणतात, निखिल-मृणालने दोनदा मागितली आणि दोन्ही वेळा नकार आला. का, ते सांगत नाहीत. म्हणजे सप्टेंबर संपला की चंबूगबाळं आवरायचं, आणि सईला, जी दोन वर्षांची असताना तिथे गेली आणि आता चौदाची आहे, तिला उचलून सांगलीला नाहीतर पुण्याला आणून कुठल्या तरी शाळेत घालायचं.

पण ह्या सगळ्याच्या आधी एक गंमत होऊन बसली होती. अमेरिका दरवर्षी काही देशांत जन्मलेल्या लोकांची नावं चिठ्ठीने काढते आणि त्यांना कायमचं राहायला बोलावते. भारत त्या यादीत नाही. पण ते पासपोर्ट कुठला ते बघत नाहीत, जन्म कुठे झाला ते बघतात. आणि निखिल जन्मला मस्कतला. हे नियमातलं बारीक अक्षर शोधून काढलं मृणालने, ती पुण्यात सीए होती. तिने गंमत म्हणून अर्ज भरला आणि निखिलचं नाव निघालं. तेव्हा सगळे हसलो होतो. नोकरी गेली आणि हसणं बंद झालं. मुलाखतीची तारीख आली ती सप्टेंबरमधली, आणि ती लॉटरीही सप्टेंबरअखेर संपते. त्यानंतर नंबर लागून न लागल्यासारखा.

निखिलच्या जन्माचा मूळ दाखला, अरबी अक्षरांचा, माझ्या लॉकरमध्ये होता. निखिल म्हणाला कुरियर कर. मी कुरियरने लोणचंसुद्धा पाठवत नाही. बत्तीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात टेबलामागे बसून काढली आहेत. एका कागदासाठी मी स्वतः कितीजणांना परत पाठवलं असेल. कागदाची काय ताकद असते ते मला कुणी शिकवायला नको. म्हटलं, मी घेऊन येते.

चांगी

विमानतळावर पहिली फजिती मीच करून घेतली. मुंबईला तपासणीत फाइल पट्ट्यावर ठेवा म्हणाले, मी ठेवीना. छातीशी धरून उभी. मागे रांग खोळंबली, एक पोरगेली पोलीस म्हणाली, "काकू, जेवढी तुमची फाइल जाईल तेवढीच परत येईल." शेवटी ठेवली आणि पट्ट्याबरोबर चालत राहिले, ती बाहेर येईपर्यंत.

चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, मात्र माणूसच भेटला नाही. अंगठा लावा, डोळे दाखवा, काचेचं दार उघडलं की तुम्ही देशात. आपल्याकडे कसं, साहेब पासपोर्ट उलटापालटा करतो, तुमच्याकडे बघतो, तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघून अंदाज घेता. यंत्राच्या तोंडावरून काय कळणार? मला त्या दाराचीच धास्ती बसली. पलीकडे निखिल उभा होता. दीड वर्षाने पाहिला. दाढी पांढरी झाली होती. पाया पडला आणि आधी फाइल घेतली, मग बॅग.

हौगांग

ते हौगांगला सरकारी इमारतींतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. नवव्या मजल्यावर. खिडकीतून बांबू बाहेर काढून त्यावर कपडे वाळत घालतात आणि ते पडत नाहीत, ह्याचं मला शेवटपर्यंत आश्चर्य वाटलं. खाली तळमजला मोकळा सोडलेला, तिथे एके दिवशी लग्न पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेत अंत्यविधीचं सामान मांडलेलं.

सकाळी मृणालबरोबर बाजारात जायचे. ओल्या फरश्या, माशांचे ढीग आणि एका जाळीत जिवंत बेडूक. मी तिथून जी पळाले ती भाजीपाशी थांबले. तिथल्या चिनी बाईने पालक घेतल्यावर दोन मिरच्या आणि कांद्याची पात वर फुकट टाकली, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं. शेजारी खाण्याच्या टपऱ्या, त्यांना हॉकर म्हणतात. टेबलं भरलेली असतात आणि रिकाम्या टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलेलं असतं. म्हणजे ते टेबल घेतलेलं आहे, कुणी हात लावत नाही. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो तेच, फक्त इथे भांडण होत नाही. नारळाचा गोड मुरंबा लावलेला पाव आणि काळा चहा मला फार आवडला. पण मृणालचं लक्ष नसायचं. ती कप हातात धरून मोबाइलवर तारीख बघायची. किती दिवस राहिले, हेच तिचं चाललेलं.

शनिवारी दुपारी निखिलने सगळे कागद जेवणाच्या टेबलावर मांडले. बुधवारी मुलाखत. पोलिसांचे दाखले, लग्नाचा दाखला, डॉक्टरी तपासणीचा लिफाफा. त्यांनी शिक्षणाचा पुरावा आधी ईमेलने मागवला होता, तो ह्याने आठवड्यापूर्वीच पाठवला होता. मागितलं होतं फक्त बारावीचं प्रमाणपत्र. ह्याने पाठवलं दहावीचं, बारावीचं, पदवीचं आणि शाळा सोडल्याचा दाखला. कशाला? तर एखादा कागद कमी पडायला नको. हे आमचं घराणंच. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, सगळं एकात घातलं आणि धाडलं. ज्या दुपारी धाडलं तेव्हा मृणाल सईला लस टोचायला दवाखान्यात घेऊन गेली होती, नाहीतर तिने एकेक ओळ वाचली असती. निखिलला मराठी येतं, पण दाखला कोण वाचतो? दाखला जोडायचा असतो.

मी वाचला. जुन्या सवयीने. नाव, जात, जन्मतारीख, आणि पुढच्या रकान्यात, जन्मस्थळ: सांगली. खाली भाषांतरातही तेच, टाइप केलेलं.

माझे हात गार पडले. अगदी खरंच गार. निखिल विचारत होता, आई, चहा ठेवू का, आणि मी नुसती मान हलवली. तो रकाना मी भरून घेतला होता. त्या क्लार्कच्या टेबलासमोर उभं राहून, माझ्या तोंडाने.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. जेवले नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं तर मृणालने ओवा दिला. सगळा कारभार जन्मस्थळावर उभा, आणि त्यांच्याच कागदांत दोन जन्मस्थळं. मी टेबलामागे असते तर काय केलं असतं? अर्ज बाजूला ठेवला असता आणि म्हटलं असतं, पुढचा. आणि ह्यांना पुढची तारीख मिळणार नव्हती.

ईस्ट कोस्ट

रविवारी मला हवापालट म्हणून ईस्ट कोस्टला नेलं. समुद्राला लागून लांबच लांब बाग, सायकली, पोरांचे गोंगाट, कबाबांसारखं काहीतरी काड्यांवर भाजल्याचा धूर. क्षितिजावर जहाजं उभी, मोजता येणार नाहीत इतकी. निखिल म्हणाला, बंदरात शिरायची वाट बघत थांबतात. सई सायकल घेऊन गेली. मृणालने उसाचा रस आणला. आता नाही सांगितलं तर बुधवारी तो आत बसलेला असताना त्याला परक्या माणसाकडून कळेल, हे डोक्यात आलं आणि मी सांगून टाकलं.

तुमच्यासाठीही सांगते, म्हणजे मी अशी का वागले ते कळेल. निखिल चार वर्षांचा असताना मस्कतला ह्यांची, म्हणजे निखिलच्या वडिलांची, कंपनी बुडाली. पंधरा दिवसांत निघा म्हणाले. पाळणा, मिक्सर, पडदे, सगळं तिथेच टाकून तीन बॅगा घेऊन आम्ही सांगलीत उतरलो. जाताना सगळ्या आळीने हार घातले होते. परत आल्यावर जो तो विचारायचा, का हो, इतक्यात परत? हे उत्तर देत नसत, खाली बघत. शाळेत नाव घालायला मी एकटी गेले. क्लार्कने अरबी दाखला उलटा धरला आणि मोठ्यांदा म्हणाला, मस्कत? मग परत का आलात? मागे आठ-दहा बायका रांगेत, सगळ्या ओळखीच्या, कान टवकारून. मी दाखला त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, मस्कत राहू द्या, सांगली लिहा. त्याने लिहिलं. तेव्हा आईचा शब्द पुरायचा.

निखिल ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आई, हे तू मला आत्ता सांगतेस?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. उठला आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. सई तेवढ्यात परत आली होती, तिने शेवटचं सगळं ऐकलं. तिथल्या हेल काढलेल्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, यू लाइड आह?" रागाने नाही, नुसतं आश्चर्याने. मला तोंड लपवावंसं वाटलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला नातीसमोर चोर झाल्यावर काय वाटतं ते ज्याचं त्याला कळेल.

मृणाल मात्र सीए. तिने रसाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, तुम्ही रडू नका. त्यांनी विचारायच्या आधी आपण सांगायचं. विचारल्यावर सांगितलं तर तो बचाव होतो."

वकिलाकडे

सोमवारी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, शहरात गेलो. गाडीत सगळे गप्प, सगळे मोबाइलमध्ये, आणि म्हाताऱ्या माणसाला बघून एक मुलगा न सांगता उठला. मृणालने मला शपथपत्र करून देणाऱ्या एका वकिलाकडे नेलं. सहाव्या मजल्यावरची छोटी खोली, तमिळ गृहस्थ, माझ्याच वयाचे, कपाळाला भस्म. मी बोलायचं, मृणालने इंग्रजी करायचं, त्यांनी लिहायचं.

आधी त्यांनी मला समजावलं, की शपथेवर खोटं लिहून दिलं तर तो इथे गुन्हा आहे, तुरुंग होतो. मृणालने ते शब्द जरा मऊ करून सांगितले, पण तुरुंग शब्दाला मऊ काय करणार? मी पाणी मागितलं. खोटं सांगताना मला पाच मिनिटं लागली नव्हती आणि आता खरं सांगायला वकील लागला होता. त्यांनी पाणी दिलं. मग सरळ प्रश्न विचारायला लागले. मुलाचं नाव? शाळेत तुम्ही काय सांगितलंत? का सांगितलंत? ते का, मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा थांबले. शेवटी म्हटलं, लाज वाटली म्हणून. मृणालने माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत तेवढंच सांगितलं.

मग ते म्हणाले, मुलगा मस्कतला जन्मला हे तुम्हाला कशावरून माहीत?

"मी तिथे होते," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि तसंच्या तसं लिहिलं. उजवा हात वर करायला सांगितला. मी सही केली. त्यांनी शिक्का मारला. लिफ्टमध्ये मृणालने माझा हात धरला तो स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.

घरी निखिलने शपथपत्र उभ्याउभ्या वाचलं. दोनदा वाचलं. मग फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवलं. मंगळवारभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, भात वाढू का, पंखा कमी करू का. मी त्याला दोष देत नाही.

बाग

बुधवारी अमेरिकन वकिलातीत ज्यांची मुलाखत त्यांनाच आत सोडतात, आणि मोबाइल नेऊ देत नाहीत. म्हणून तिघांचे मोबाइल माझ्या पिशवीत, माझा चौथा. चालत जाण्याइतक्या अंतरावर तिथली मोठी वनस्पतींची बाग आहे. निखिलने मला फाटकापासून जवळच्या बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, इथून हलू नकोस. तो जाताना वळून बघेल असं मला वाटलं होतं, पण फाइल सावरत तो गेला.

बाग सुंदर आहे हो. एवढे उंच वृक्ष की मान दुखते, आणि त्यांच्या फांद्यांवर दुसरीच झाडं वाढलेली. खाली एक वाळलेलं पान नाही. चिनी म्हाताऱ्या हात हळूहळू हलवत व्यायाम करत होत्या. समोरच्या वाटेवरून एक घोरपड निघाली, चांगली हातभर नाही, माझ्या उंचीएवढी. आपल्याकडे आरडाओरडा झाला असता. इथे धावणारी माणसं तिला वाट देऊन बाजूने जात होती. मी पाय बाकावर घेऊन बसले.

एक तास गेला. पिशवीतला निखिलचा मोबाइल वाजला. उचलावा का? वकिलातीचा असला तर? मी काय इंग्रजी बोलणार, आणि काही चुकीचं बोलले तर? वाजू दिला. परत वाजला. पाच वेळा. मी पिशवी पदराखाली दाबून धरली. नंतर कळलं, तो सामान पोचवणारा होता, दारात उभा.

दुसरा तास सुरू झाला तसं मला खात्री वाटायला लागली, की नाकारलं. वेळ लागतो आहे म्हणजे तो रकाना सापडला. निखिलला खोटारडा ठरवतील. कायमचं दार बंद होईल. पुढच्या आठवड्यात सामान विकायचं, सईला सांगलीच्या शाळेत घालायचं, पुन्हा कुणीतरी टेबलामागून विचारणार, का परत आलात? मी शेजारी येऊन बसलेल्या एका अनोळखी बाईचं मनगट धरलं. तिने सोडवून घेतलं नाही.

आणि मग, लिहायला हात धजत नाही पण लिहिते, मनात आलं, नाहीच म्हणोत ते. मस्कत विमानाने तीन तास, सिंगापूर साडेपाच, अमेरिका एक दिवस. माझं वय एकाहत्तर. नाकारलं तर ही तिघं माझ्या घरी येतील. सई मधल्या खोलीत झोपेल. मी पहाटे उठून तिघांचा डबा करीन. हे सगळं मला एका क्षणात दिसलं, आणि मी हात जोडले, आणि तेच मागितलं. असलं मागणं कुठला देव ऐकत असेल माहीत नाही. लगेच स्वतःच्याच तोंडात मारून घेतली, ती बाई दचकली.

ते तिघं फाटकातून आले तेव्हा मी निखिलचा चेहरा वाचायला गेले आणि मला काही वाचता आलं नाही. सई धावत पुढे आली आणि गळ्यातच पडली. "गॉट इट, आजी. गॉट इट लाह." मृणाल बाकावर बसली आणि ओंजळीत तोंड घालून हुंदके द्यायला लागली. इतके दिवस तिने एकदाही डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं.

निखिलने मग सांगितलं. अधिकारी बाई होती. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले, मस्कतचा आणि शाळेचा, आणि विचारलं, तुमच्या आईने असं का केलं? निखिल म्हणाला, "आम्हाला तिथून जायला सांगितलं होतं, आणि तिला ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मलासुद्धा आत्ताच कळलं." त्या बाईने माझं शपथपत्र पुन्हा वाचलं. मग पासपोर्ट ठेवून घेतले आणि म्हणाली, मंजूर.

"मग आजी पण येणार ना?" सईने विचारलं. निखिल म्हणाला, आजीला नंतर. आपण तिथले नागरिक झालो की बोलावता येतं. किती वर्षांनी, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सईने मात्र मोबाइल मागून घेतला आणि शोधायला लागली.

तो माझ्यासमोर गवतावर बसला, तीन दिवसांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघत. माझे दोन्ही हात हातात घेतले.

"गार पडलेत," तो म्हणाला. "दोन तास देवाचं नाव घेत बसली असशील ना आमच्यासाठी?"

"हो रे," मी म्हटलं. "दुसरं काय करणार होते?"